कलमी पेरूला स्वतःची मुळं

कलमाच्या सांध्याखालून खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधलेलं असतं ते झाड) फुटत राहिला की वर बांधलेली जात मागे पडते. सांध्याच्या वरच गुटी बांधली, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून घेतली, की नवं झाड जातीच्या स्वतःच्या मुळांवर येतं; पुढे मुळांतून फुटवा आला तरी तो त्याच जातीचा.

नागपुरात पाऊस स्थिरावला की जुलैत गुटी बांधा. मे महिन्याच्या उन्हात गुटीभोवती गुंडाळलेलं शेवाळ कोरडं पडतं. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी घ्या. अडीच ते तीन सेंटीमीटर रुंद सालीचं वळं काढा आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाका. बहुतेक गुट्या इथंच फसतात: थर राहिला तर साल पुन्हा जुळते, मुळं येत नाहीत. वरच्या कडेला आयबीए पावडर (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) लावा, कारण मुळं तिथूनच फुटतात. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मूठभर गुंडाळा, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं करकचून बांधा. पाणी आत झिरपलं तर कुजतं.

पाच-सहा आठवड्यांनी पांढरी मुळं तपकिरी होऊ लागली की गुटीखाली कापा, निम्मी पानं काढा, पिशवीत लावून सावलीत ठेवा.

संत्र्यावर मात्र हा खटाटोप नको. जंबेरीचा (लिंबाच्या एका जातीचा) खुंट मुद्दाम दिलेला असतो. सांधा मातीत गाडला तर आपल्या काळ्या जमिनीत डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागायला वेळ लागत नाही.