लांबलचक इंग्रजी शब्द आधी सांध्यावर तोडा

लांब इंग्रजी शब्द दिसला की एकेक अक्षर घोकत बसू नका. आधी पुढचा उपसर्ग आणि मागचा प्रत्यय बाजूला काढा. 'डिसअपॉइंटमेंट' घ्या. पुढचं 'डिस' आणि मागचं 'मेंट' काढलं की 'अपॉइंट' उरतं, आणि तो शब्द ओळखीचाच असतो. यात एस किती आणि पी किती, हा गोंधळ तर नेहमीचाच. पण 'डिस'मध्ये एस एकच आणि 'अपॉइंट'मध्ये पी दोन, म्हणजे उत्तर समोरच आहे! 'अननेसेसरी'त दोन एन का येतात? पहिला 'अन'चा, दुसरा 'नेसेसरी'चा. मला ही युक्ती पाठांतरापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते.

मग उच्चाराचे तुकडे पाडा: डिस-अ-पॉइंट-मेंट, चार. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणा. साधारण जितक्या वेळा हनुवटी खाली येते तितके तुकडे.

इथे मराठी माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. आपण देवनागरीतली अक्षरं मोजतो. 'स्ट्रेंग्थ' लिहिताना दोन अक्षरं होतात, पण इंग्रजीत स्वर एकदाच उच्चारला जातो, म्हणून तुकडा एकच. स्वरांचे आवाज मोजा, अक्षरं नकोत.

अर्थाचे आणि उच्चाराचे सांधे प्रत्येक वेळी जुळतातच असं नाही. 'हेलिकॉप्टर' आपण हे-लि-कॉप्-टर असा म्हणतो, पण मूळ ग्रीक जोड 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखं आणि 'प्टर' म्हणजे पंख अशी आहे. स्पेलिंग आणि अर्थासाठी अर्थाचे सांधे बघा, मोठ्याने वाचताना उच्चाराचे.