ज्यू धर्मशास्त्राला प्रश्न कसा विचारावा

लष्कर भागातल्या लाल देवळावरून, म्हणजे १८६७ साली पूर्ण झालेल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगवरून, रोज जाणाऱ्या पुणेकरालाही ज्यू सहकारी जेवायला यायचा असला की ‘त्यांना हे चालते का?’ असा प्रश्न पडतोच. हा प्रश्न अपुरा आहे. हलाखा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र, उत्तर देण्यापूर्वी कोणाला, कुठे आणि कोणत्या अवस्थेत हे विचारते. देश, काल आणि पात्र पाहून निर्णय देण्याची रीत आपल्याला परकी नाही.

म्हणून आधी माणूस पाहावा. मुलावर धर्माज्ञांची जबाबदारी तेराव्या वर्षी येते, मुलीवर बाराव्या वर्षी. ठरावीक वेळेला बांधलेल्या बहुतेक विध्यर्थक, म्हणजे ‘हे करा’ अशा, आज्ञांतून स्त्रियांना मोकळीक आहे, मात्र निषेध त्यांनाही तितकेच लागू असतात आणि पेसाह या सणाच्या पहिल्या रात्रीची मात्झा, म्हणजे खमीर न येऊ देता भाजलेली खास पोळी, तर त्यांनीही खाल्लीच पाहिजे. कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला पुरुष, आई-वडील, पत्नी, मुले अशा अगदी जवळच्या नातलगांखेरीज कोणाच्या प्रेताजवळ जात नाही. त्यामुळे मित्राच्या अंत्यविधीला तो स्मशानाबाहेरच थांबला, तर त्याला माणूसघाणा ठरवू नये.

मग घराण्याची परंपरा विचारावी. येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. मांस आणि दूध एकत्र खाऊ नये हा नियम सर्वांचा आहे, आणि म्हणूनच बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या ज्यू समाजाच्या, घरांतल्या मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध पडते. पण मांसाच्या जेवणानंतर दुधाचा चहा किती वेळाने द्यावा याचे उत्तर बहुतेकांकडे सहा तास, जर्मन परंपरेत तीन आणि डच परंपरेत एक असे आहे. पेसाहमध्ये तर एकाच्या घरचे मुख्य अन्न दुसऱ्याला वर्ज्य असते. खमिराची बाधा टाळण्यासाठी नेहमीची गव्हाची पोळी सर्वांनाच बंद. परंतु बेने इस्राएल घरात तांदूळ चालतो, आणि युरोपातून आलेल्या अश्केनाझी पाहुण्याला तांदूळ व डाळी दोन्ही चालत नाहीत. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेतली कित्येक घरे तांदूळ खातात, पण एखादा गव्हाचा दाणा मिसळला असेल म्हणून तो तीनदा निवडून घेतात. स्मार्त आणि भागवत एकादशी शेजारी शेजारी छापलेले पंचांग वापरणाऱ्यांनी याचे नवल करू नये.

स्थळही पाहावे लागते. पेसाह इस्राएलात सात दिवस, पुण्यात आठ. इस्राएलहून थोड्या दिवसांसाठी आलेला पाहुणा आपला सण आपल्या हिशेबाने संपवतो, मात्र इथल्या ज्यूंचा सण चालू असताना त्यांच्यादेखत निषिद्ध काम करत नाही.

शेवटी अवस्था, आणि तिच्यापुढे वरचे पुष्कळसे नियम बाजूला सरतात. जिवाला धोका असल्याची नुसती शंका आली तरी शब्बाथ, म्हणजे काम वर्ज्य असलेला आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, मोडून गाडी काढायची, फोन करायचा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहत बसणे हाच दोष मानला जातो. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध हे तीन अपवाद तेवढे उरतात; ती जीव वाचवण्यासाठीही करता येत नाहीत. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपवासाला आजारी माणसाने ‘मला खाल्लेच पाहिजे’ म्हटले, तर वैद्य नको म्हणत असला तरी रुग्णाचेच ऐकावे, असे तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा प्राचीन ग्रंथ सांगतो. जमत असल्यास त्याला मोठ्या खजुराहून कमी इतका घास, थोड्या थोड्या वेळाने द्यावा. उपवास मोडला म्हणून त्याला अपराधी वाटू देऊ नये, कारण त्या दिवशी त्याच्यापुरते खाणे हीच आज्ञा असते.

हे सारे सांगून प्रश्न धर्मपंडिताकडे न्यावा. वय, घराणे, आजार, औषधे यांतले काही झाकू नये. एकाने निषिद्ध ठरवले म्हणून सोयीचे उत्तर मिळेपर्यंत दुसरा गाठणे शास्त्राला मान्य नाही. तसेच मधुमेही मावशींना मिळालेली सवलत धडधाकट भाच्याने स्वतःला लावून घेऊ नये. पाहुण्याच्या बाबतीत मात्र इतके खोल जायचे कारण नाही: ताट वाढण्यापूर्वी, शक्यतो बाजारहाट करण्यापूर्वीच, ‘तुमच्या घरी काय चालते?’ असे त्यालाच विचारावे.