पाच सुती वस्तरा : जुन्या पात्यावर पहिली दाढी

वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. म्हणजे आपल्या सुतात. फिटर आणि सुतार ज्या मापात बोलतात, त्याच मापात. पाच सूत म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, सहा सूत म्हणजे १९. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं बनवायच्या विभागात, ३१ वर्षं काढलेल्या मला वस्तरा आपला वाटायला एवढी ओळख पुरली. निवृत्तीनंतर पुण्याच्या जुन्या बाजारात एक पाच सुती सोलिंगेन, म्हणजे जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा वस्तरा, मिळाला. गेली सहा वर्षं दाढी त्यानंच करतो. आता पुतण्या शिकायचं म्हणतोय. त्याला समोर बसवून जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

सलूनमध्ये हल्ली दिसतो त्या वस्तऱ्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवलेला असतो. गिऱ्हाईक उठलं की तुकडा टाकून देतात. मी सांगतोय ते अखंड पोलादाच्या पात्याबद्दल. त्याची धार आपण लावायची आणि आपणच राखायची.

पहिला वस्तरा पाच किंवा सहा सुतीच घ्या. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे पाचरीसारखे भरीव असतात. देखणे असतात, हातात वजनदार लागतात, पण दगडावर खूप पोलाद झिजवावं लागतं आणि नवशिक्याचा धीर सुटतो. सोलिंगेनच्या बहुतेक पात्यांचे दोन्ही गाल चाकावर आत खोलगट घासलेले असतात. दगडाला फक्त पाठ आणि धार टेकते, त्यामुळे काम लवकर होतं. शेपटीवर, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या दांड्यावर, देशाचं नाव कोरलेलं असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवंच, असा नियम अमेरिकेने तेव्हापासून लावला आणि कारखान्यांना तो पाळावा लागला.

शेफील्डच्या काही पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशी अक्षरं दिसतात. त्यामागची गोष्ट मला फार प्रिय आहे, कारण तिचा एक धागा मुंबईतून जातो. १७९०च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. रसायनतज्ज्ञ जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर लिहिलेल्या १७९५च्या निबंधाच्या शीर्षकातच मुंबईचं नाव आहे. हे पोलाद खरं तर दक्षिणेतलं. जेम्स स्टोडार्ट या हत्यारं घडवणाऱ्या कारागिराला ते इतकं आवडलं, की पुढे त्यानं शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. त्यात पाचशे भागांत एक भाग चांदीचं पोलादही होतं. पात्यावरच्या त्या अक्षरांचं मूळ तिथं आहे. मात्र अक्षरं बघून जास्त पैसे मोजू नका, पातं बघा.

पातं बघायला मी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि काचेचा एक सपाट तुकडा खिशात घेऊन जातो. पातं काचेवर आडवं ठेवायचं. पाठ आणि धार दोन्ही टेकल्या पाहिजेत. धारेची रेषा सरळ किंवा मध्यभागी किंचित फुगीर असेल तर चालेल. मध्ये आत गेलेली असेल तर परत द्या. भिंगातून धारेला टवका, तडा किंवा गंजाचा काळा खड्डा दिसला तरी परत द्या. पाठीकडचे खड्डे नुसते डाग असतात, पण धारेजवळ खड्डा असेल तर दगडावर घासताना धार नेमकी त्यातच येऊन फुटते. पाठ एका बाजूला जास्त चपटी झालेली असेल, तर आधीच्या मालकानं दाबून घासलंय असं समजा.

मूठही तपासा. जुन्या मुठी शिंगाच्या, लाकडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड अंगठ्यानं जोरात चोळून गरम केलं की कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. ते कुजायला लागलं की त्यातून आम्ल वाफा सुटतात आणि पातं मुठीत जिथं विसावतं नेमकं तिथंच गंजतं. अशी मूठ काढून टाकावी लागते. सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून आगीजवळ ठेवू नका.

माझा पहिला वस्तरा फुकट गेला, तो मात्र माझ्या घाईनं. गंज झटपट निघावा म्हणून एका धारवाल्याच्या चाकावर दिला. परत आला तेव्हा टोकाला निळी झाक होती. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि कडकपणा गेला. हे मला धंद्यानं माहीत होतं, तरी दिला, याचं अजून वाईट वाटतं. गंज हातानंच काढा : मशीनचं तेल आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, नंतर २०००. बोटं कायम पाठीकडून धारेकडे उतरती ठेवा, धारेला समांतर कधी घासू नका. मग साबणानं धुऊन ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं नीट पुसा. वस्तरा आधी कोणाच्या गालावर फिरलाय ते आपल्याला ठाऊक नसतं. उकळू मात्र नका, शिंगाची मूठ वाकते. आणि तयार झालेला वस्तरा घरातही दुसऱ्याला वापरायला देऊ नका.

आता धार. चाकूला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो. वस्तऱ्यात तो घडवणाऱ्यानंच ठेवून दिलेला असतो. माझ्या पात्याची रुंदी १६ मिलिमीटर, पाठीची जाडी ४.६; हिशेब केला तर कोन सोळा अंशांच्या थोडा वर येतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवली की तो आपोआप मिळतो. आपण फक्त पाठ उचलायची नाही आणि दाबायचं नाही. शिकताना सगळ्यांची चूक होते ती दाबण्यातच.

पाण्याचे, म्हणजे पाणी लावून वापरायचे दगड घ्या, नंबर वाढेल तसा दगड बारीक : १०००, ५०००, ८००० आणि जमलं तर १२०००. दगड आधी सपाट करा, काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर घासून. धारेच्या दोन्ही अंगांना मार्करची शाई लावा. टूलरूममध्ये आम्ही दोन पृष्ठभाग कुठं टेकतात ते बघायला निळा रंग लावतो, तसंच हे. १००० वर धार पुढे ठेवून, तिरप्या ओढीत टाचेपासून (मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत पातं न्या, पाठीवर उलटवा, परत या. शाई धारेच्या अगदी कडेपर्यंत, पूर्ण लांबीत आणि दोन्ही बाजूंनी गेली की पाया झाला. मग मनगटावरचे केस सहज निघतात. ते होईपर्यंत पुढच्या दगडाकडे जाऊ नका, मग दोन संध्याकाळी का लागेनात. पाया बरोबर असेल तर वरचे दगड नुसते ओरखडे बारीक करत जातात.

चामड्याच्या पट्ट्यावर दिशा उलटी. पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरा. सैल राहिला तर धार गोल होते. पट्ट्याच्या टोकाला पोचलात की आधी पातं पाठीवर फिरवा, मगच परत ओढा. धारेवर फिरवलंत तर पट्टा चिरतो. माझ्या पट्ट्यावर तशा तीन खुणा आहेत. पुतण्याला मी आठवडाभर बोथट लोणी-सुरी देऊन हीच एक हालचाल करायला लावली. कंटाळला, पण त्याच्या पट्ट्यावर चीर नाही. दाढीआधी कापडावर वीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या, दर वेळी.

पहिल्या दिवशी फक्त गाल. कल्ल्याखालचा सपाट भाग घ्या, बाकी दाढी नेहमीच्या रेझरनं उरका. अंघोळ झाल्यावर, खुंट मऊ असताना बसा. ब्रशनं साबणाचा फेस दोन-तीन मिनिटं फिरवा. मोकळ्या हातानं कातडी वर ताणा आणि पाठ गालापासून तिच्या जाडीच्या दुप्पट उचला. तेवढा कोन सुरुवातीला पुरतो. केसाच्या दिशेनं दोन-तीन सेंटिमीटरच्या छोट्या ओढी घ्या. पातं बाजूला कधीही सरकवू नका, चीर पडते ती तिथंच. डाव्या गालाला डावा हात वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात मान. हनुवटी आणि मिशीची जागा महिन्यानंतर, कारण तिथं हाड वळतं आणि कोन दर ओढीला बदलतो. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी जिथं झोंबते तिथं हात जड पडलाय, ती जागा लक्षात ठेवा.

पातं कोरडं पुसा, मुठीच्या फटीतून कागदाची घडी ओढून घ्या. बाथरूममध्ये ठेवू नका. पावसाळ्यात मी रोज शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावतो आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवतो. खोबरेल नको, थंडीत गोठतं. पट्ट्यानंतरही केस ओढल्यासारखा वाटू लागला, तर १२००० वर पाण्याबरोबर दहा-पंधरा हलक्या ओढी. मला हे वर्षातून दोनदा करावं लागतं.