मुलांसोबत भुताचा कॉमेडी पिक्चर बघायचाय? मग आधी हे करा

भुताचा आहे पण कॉमेडी आहे, असं कोणी सांगितलं की आपण आईवडील निवांत होतो आणि नेमकं तिथंच लक्ष द्यायला हवं. हॉरर कॉमेडीत घाबरवणारा सीन आणि विनोद एकामागोमाग येतात, आपल्याला विनोद कळतो म्हणून आपली भीती उतरते, पण सहा वर्षांच्या पोराला तो डायलॉगच कळला नाही तर त्याच्या वाट्याला नुसता तो चेहरा आणि तो आवाज येतो. आपल्या घरातल्या पोराला यातलं काय झेपेल ते पोस्टर बघून कळत नाही, त्यासाठी थोडी तयारी लागते.

पहिलं म्हणजे सेन्सॉरचं सर्टिफिकेट बघा. २०२४ च्या नियमांपासून यूए चे तीन भाग झालेत, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. जुन्या पिक्चरवर नुसतंच यूए दिसेल. यूए म्हणजे तिकीट खिडकीवर कोणी अडवणार नाही, न्यायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवायचं. ए असेल तर विषयच संपला, १८ च्या खाली प्रवेशच नाही.

पण सर्टिफिकेटवरून तुमचं पोर कशाला घाबरतं ते नाही कळत, त्यामुळे शक्य असेल तर आपण आधी एकदा बघून घ्यावा, ओटीटीवर असेल तर मुलं झोपल्यावर. २०२४ चा मुंज्या घ्या. कोकणातली गोष्ट, भूत कॉम्प्युटरवर बनवलेलं, मस्ती भरपूर, त्यामुळे मुलं हट्ट करतातच. पण त्यात सुरुवातीलाच एक मुलगा स्वतःच्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि पुढे हीरोच्या आजीचा जीव जातो. ज्या घरात आजी सोबत राहते, रात्री आजीच्या कुशीत झोपायचं असतं, तिथल्या पोराला तो केसाळ मुंज्या एक वेळ चालेल पण आजीचा सीन लागतो, हे माझं स्पष्ट मत आहे. झपाटलेला १९९३ चा, आपल्यापैकी बरेच जण त्यावरच वाढलोय, त्यात बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो. बाहुली घेऊन झोपणाऱ्या मुलीला तो इतक्यात दाखवू नका, थोडं थांबा. लहान पोरं दिसण्याला घाबरतात, मोठी पोरं खरंच असं होऊ शकेल का याला, म्हणून पाच वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या भावंडांना एकाच मापाने मोजू नका.

थिएटरला जायचं तर दुपारचा शो घ्या. आपल्या नाशकात कॉलेज रोडला राहा नाहीतर सिडकोत, रात्रीच्या शोनंतर अंधारात घरी येऊन लगेच अंथरुणात शिरायचं म्हणजे तोच सीन डोळ्यांपुढे. दुपारी बघितला की बाहेर ऊन असतं, काहीतरी खाऊन, गोदाकाठी चक्कर मारून घरी येईपर्यंत डोकं शांत होतं. सीट कडेची घ्या म्हणजे उठावं लागलं तर रांगेतल्यांना त्रास नको, आणि इंटरव्हलला मुलाला सरळ विचारा, थांबायचं का जायचं? जायचं म्हणाला तर निघा, तिकिटाचे पैसे गेले असं त्याच्यासमोर बोलू नका.

आणि एक गोष्ट आधीच शिकवून ठेवा, भीती वाटली तर डोळे नाही, कान झाका. दचकवणारा सीन निम्म्याहून जास्त आवाजावर चालतो, आधी सगळं एकदम शांत होतं आणि मग धाडकन आवाज येतो, ती शांतता ओळखता आली की पोरं स्वतःच सांगायला लागतात "आई, आता येणार बघ". घरी बघत असाल तर तो सीन एकदा आवाज बंद करून दाखवा, फरक लगेच कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्या नाशिककरांना तर हे सांगायला फारच सोपं आहे. भूत बनतं कसं ते मुलांना दाखवा. दादासाहेब फाळके १८७० साली आपल्या त्र्यंबकला जन्मले, राजा हरिश्चंद्रनंतर कामाला नाशिकलाच आले आणि ते जादूचे प्रयोगही करायचे, प्रोफेसर केळफा नावाने, म्हणजे फाळके उलटं! मुलांना हे फार आवडतं. गायब होणं, अचानक प्रकट होणं हे सगळं त्यांनी शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्यात करून दाखवलं होतं. पांडवलेणीला गेलात की पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे ही गोष्ट सांगा आणि घरी येऊन करून बघा. मोबाईल पुस्तकांच्या आधाराने पक्का उभा करा, अजिबात हलता कामा नये, पोराला खुर्चीवर बसवून पाच सेकंद शूट करा, मग मोबाईलला हात न लावता पोराने उठून जायचं, रिकाम्या खुर्चीचं शूटिंग करा (रेकॉर्डिंग चालूच ठेवा आणि मधला भाग नंतर कापा, म्हणजे फोन हलत नाही). जोडलं की पोरगं खुर्चीवरून गायब! अंगावर पांढरी ओढणी घेतली तर अजून मजा. स्वतः एकदा भूत झालेलं पोर पडद्यावरच्या भुताकडे वेगळ्या नजरेने बघतं, हे कसं केलं असेल असं विचारायला लागतं. झपाटलेलातला बाहुला रामदास पाध्यांचा, त्यांचे बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम दाखवा, बाहुल्याला बोलवणारा माणूस समोर दिसला की बराच धीर येतो.

पिक्चर बघून आल्यावर रात्री बाथरूमला एकटं जायचं नाही म्हणाला तर जा सोबत, दिवा चालू ठेवा, चिडवू नका आणि भावंडांनाही चिडवू देऊ नका. "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" हे वाक्य तर नकोच, त्याने पोर भीती लपवायला शिकतं. शाळेच्या वाटेवर पिंपळ असेल आणि मुंज्या बघून तो त्याखालून जायला तयार नसेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं मिळून जा, पानं गोळा करा, पक्षी बघा, घाई करू नका.

या पिक्चरांत भगत, मांत्रिक हमखास असतात, तेवढं मात्र गमतीवर सोडू नका. मोठ्या मुलांना सांगा की भूत उतरवायचं म्हणून माणसाला बांधणं, मारणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि पिक्चरनंतर आठवडा उलटला तरी पोर रात्री दचकून उठत असेल, जेवत नसेल, तर दृष्ट काढून थांबू नका, नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कुठला सीन बघितला तेही सांगा.