लेदर सीट चमकायला लागली की समजा, धुवायची वेळ झाली

बहुतेक गाड्यांची लेदर सीट कोरी असताना मॅट असते. हात फिरवला तर कोरडी लागते. पुढे रोजच्या वापरानं ड्रायव्हरच्या सीटवर, नेमकं मांड्या आणि खांदे टेकतात तिथं, एक तुकतुकी येते. गाड्या आतून साफ करणं हा माझा धंदा, त्यामुळे ही तुकतुकी मला लोक कौतुकानं दाखवतात: ‘बघा, अजून कशी चमकतेय!’ ती चमक कातड्याची नसते. घाम, अंगाचं तेल, हाताला लावलेलं क्रीम आणि धूळ यांचा तो राप असतो. नीट साफ झालेली सीट पुन्हा मॅट दिसते. काही मालक ते पाहून नाराज होतात, ‘पॉलिश गेलं’ म्हणतात. त्यांना मी शेजारच्या सीटवर हात फिरवायला लावते.

म्हणून आधी कंडिशनरची, म्हणजे लेदरला लावायच्या क्रीमची, बाटली बाजूला ठेवा. मळावर कंडिशनर चोपडलं तर मळच आणखी पक्का बसतो. सोळा आण्यांतलं चौदा आणे काम सफाईचं आहे.

सीट कुठल्या जातीची आहे ते तपासा. गाडीच्या सीटचं कातडं साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाड असतं. बहुतेक वेळा त्यावर रंगाचा थर आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पातळ, पारदर्शक थर असतो. आपण पुसतो, घासतो ते या वरच्या थराला. नजरेत न येणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवून थोडा वेळ थांबा. तो वरच्या वर राहिला तर थर शाबूत आहे. मुरून गडद डाग उमटला तर कातडं उघडं आहे: एकतर ॲनिलिन प्रकारचं, म्हणजे वर रंगाचा थर न दिलेलं, नाहीतर थर झिजलेला. अशा सीटला अगदी कमी ओल आणि त्या कातड्यासाठीच बनवलेला क्लीनर. अल्कांतारा किंवा नुबक (घासून मखमली केलेलं कातडं) असेल तर खालची पद्धत लागूच नाही. अल्कांतारा तर मुळात कातडंही नव्हे, मखमलीसारखं दिसणारं कृत्रिम कापड आहे. आणि ‘लेदर सीट’ म्हणून घेतलेल्या कित्येक गाड्यांत बसायचा नि टेकायचा भाग तेवढा कातड्याचा असतो, बाजू आणि पाठ रेक्झिनची. रेक्झिनवर क्लीनर चालतो, कंडिशनर लावणं म्हणजे ते वाया घालवणं.

सामान फार लागत नाही. मऊ केसांचा छोटा ब्रश, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, व्हॅक्यूम आणि लेदरसाठीचा पाण्यातला क्लीनर. फडकी पांढरी किंवा फिकट घ्या, म्हणजे किती मळ निघाला आणि सीटचा रंग तर उतरत नाही ना, दोन्ही कळतं. कपड्यांचा किंवा भांड्यांचा साबण नको. कातडं आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान. कपड्यांचे साबण बहुधा अल्कधर्मी, आणि भांड्यांचा साबण तेल कापण्यासाठीच बनवलेला. एकदा लावून काही होणार नाही, पण तीच सवय लागली तर वरचा थर निस्तेज आणि कडक होतो. ओल्या टिश्यूंनी रोज पुसणाऱ्यांनाही हेच सांगणं.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत हवी आणि सीट गार. तापलेल्या सीटवर फेस पुसायच्या आतच वाळतो आणि डाग सोडतो. सीट पूर्ण मागे सारा, पाठ आडवी करा आणि व्हॅक्यूमला ब्रशचं तोंड लावून सगळ्या शिवणी मोकळ्या करा. इथं घाई नको. शिवणीत बसलेली वाळू तशीच राहिली तर ब्रश ती सीटभर फिरवणार, आणि ओरखडे तुम्हीच पाडलेले असणार. पाठ आणि बैठक जिथं मिळतात ती फट बोटांनी फाकवून बघा; तिथं काय काय सापडतं त्यावर मी वेगळा लेख लिहू शकेन.

क्लीनर सीटवर थेट फवारू नका, ब्रशवर घ्या. बारीक छिद्रांची सीट असेल तर हे अगदी काटेकोरपणे पाळा: त्या छिद्रांखाली स्पंज असतो, काही गाड्यांत पंखा, गरम करणाऱ्या तारा आणि सेन्सर. आत गेलेली ओल लवकर वाळत नाही आणि वासही धरते. छिद्रं क्लीनरनं बुजली तर टोकदार काही खुपसू नका, कोरड्या मऊ ब्रशनं मोकळी करा.

एका वेळी दोन तळहातांएवढाच भाग घ्या. ब्रश हलक्या हातानं गोल फिरवा, दाब नको. कातड्यावर बारीक रेघांची जाळी असते आणि मळ त्या रेघांत बसलेला असतो. ब्रशचं टोक तिथं पोचतं, फडकं वरून घसरतं. पांढरा फेस हळूहळू चहाच्या रंगाचा होतो. तो वाळायच्या आत कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, मग दुसरं फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पुसा. फिकट सीट असेल तर साफ झालेला चौकोन असा उठून दिसतो की पूर्ण सीट केल्याशिवाय राहवत नाही. टाक्यांवर ब्रश आडवा न नेता शिवणीच्या दिशेनं न्या, नाहीतर दोरा पिंजला जातो. फेस पांढराच राहायला लागला की थांबा.

नव्या जीन्सचा निळा रंग फिकट सीटवर उतरला असेल तर लवकर पुसा. जुना झाला की तो थरात शिरतो. बॉलपेनची रेघ दिसली की लोक स्पिरिट नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हर शोधतात. शाई निघते खरी, पण सोबत सीटचा रंगही निघतो. मेलामाइनचा पांढरा स्पंज तर चक्क बारीक पॉलिशपेपर आहे, थर खरवडूनच तो डाग काढतो. क्लीनरनं हलकेच दोनदा प्रयत्न करा, नाही निघाली तर सोडून द्या. रेघ परवडली.

सीट पूर्ण वाळू द्या, दारं उघडी ठेवून. हेअर ड्रायर नको. मग कंडिशनर. थर शाबूत असलेल्या कातड्यात ते आत फारसं मुरत नाही. वरचा थर लवचीक राहतो आणि घासणं कमी होतं, इतकंच त्याच्याकडून मागा. स्पंजवर थोडंसं घेऊन पातळ हात फिरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, उरलेलं कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून काढा. बोटाला चिकट लागलं तर जास्त झालं. बाटलीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर तीच पाळा. खोबरेल, ऑलिव्ह किंवा कुठलंही स्वयंपाकघरातलं तेल लावू नका: धूळ धरतं, दोरे काळे पडतात, पुढे खवट वास येतो. सिलिकॉनचं चमकदार पॉलिशही नको. वळणावर माणूस सीटवरून घसरतो.

भेगा मात्र कंडिशनरनं भरत नाहीत, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. तो थर फाटलेला असतो, त्याला भरणी आणि रंगकामच लागतं.

रोजच्या वापरातल्या गाडीला आठवड्यातून एकदा ओलसर फडकं, दोन-तीन महिन्यांनी वरची पूर्ण सफाई आणि वर्षातून दोनदा-तीनदा कंडिशनर पुरतं. ऊन लागणाऱ्या जागी गाडी उभी राहत असेल तर काचेला पडदा लावा, कारण रंग उडवणारं ऊन कुठल्याही क्रीमनं अडत नाही. आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड तपासत राहा. सगळ्यात आधी झिजते ती हीच, कारण चढता-उतरता आपण तिच्यावरून घसटत जातो. सीट थोडी मागे घेऊन, अंग उचलून उतरलं तर ती बरीच टिकते.