पाचारणाचा विचार करताय आणि कुणाला भेटताय? या चुका टाळा

पाचारण म्हणजे फादर किंवा सिस्टर व्हायला देवाने बोलावणं. त्याचा विचार करताना कुणाशी प्रेमाच्या भेटीगाठी चालू असतील, तर सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हे समोरच्याला न सांगणं. शनिवारी कॉलेज रोडला कॉफी आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर फादरांशी सेमिनरीची, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणसंस्थेची बोलणी, असं काही जणांचं महिनोन् महिने चालतं. नाशिकमध्ये समोरची व्यक्ती बऱ्याचदा ख्रिस्ती नसते. मग पाचारण म्हणजे काय, इथपासून सांगावं लागतं, म्हणून विषय पुढे ढकलला जातो. पहिल्या दोन-तीन भेटींतच बोला: "मी फादर व्हायचा विचार करतोय, अजून ठरलेलं नाही." फादर-सिस्टर लग्न करत नाहीत हेही स्पष्ट सांगा, सगळ्यांना ठाऊक नसतं. ऐकून कुणी निघून गेलं तर रागावू नका.

विचार पक्का होऊ लागला की भेटीगाठी थांबवा. किती दिवस, ते आध्यात्मिक मार्गदर्शकाशी बोलून ठरवा. आणि "तू थांबशील ना?" हे तर विचारूच नका. स्वतःसाठी पळवाट ठेवून दुसऱ्याचं वय खर्ची घालायचा हा प्रकार आहे.

भांडण झालं म्हणून कॉन्व्हेंटची वाट धरू नये. मन खिन्न असताना आधीचा निर्णय बदलू नका, असं जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस सांगतात. उलटंही घडतं: नातं नकोसं झालं की देवाला पुढे करायचं. "देवाने बोलावलंय" म्हटल्यावर समोरचा वाद तरी कसा घालणार? पटत नसेल तर तसं सांगा.

फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला जरूर जा, पण नवस बोलून खूण मागत बसू नका. त्यापेक्षा एखाद्या संस्थेच्या फादरांकडे किंवा सिस्टरांकडे दोन-चार दिवस राहून या. पहाटेची प्रार्थना, स्वयंपाक, एकमेकांचे स्वभाव, सगळं दिसतं.

आत गेलं की परतीचं दार बंद, ही भीतीही काढून टाका. धर्मसंघात, म्हणजे फादर-सिस्टरांच्या संस्थेत, नोव्हिशिएट (सुरुवातीचा उमेदवारीचा काळ) किमान 12 महिन्यांचं असतं आणि त्या काळात केव्हाही निघता येतं. मग साधारण 3 ते 6 वर्षं तात्पुरती व्रतं (ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालनाची). कायमची व्रतं त्यानंतर, तीही वयाची 21 वर्षं पूर्ण झाल्यावरच.

घरी मात्र बेताने सांगा. आईच्या कानावर गेलं की पुढची मिस्सा सुटेपर्यंत अख्ख्या पॅरिशला कळतं, मावश्या अभिनंदन करायला लागतात, आणि मग "नाही जमणार" म्हणणं फार जड जातं.