कपॅसिटर बिघडलेला नसतो : चार्ज-डिस्चार्जच्या प्रयोगात या चुका टाळा

नौपाड्यातील माझ्या शिकवणीत बारावीचे विद्यार्थी कपॅसिटरचा प्रयोग घरी करून येतात, तेव्हा विद्युतभार साठवणाऱ्या या घटकाबद्दल एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. ९ व्होल्टची बॅटरी, १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडणीत लावला, कपॅसिटरवर मल्टिमीटर ठेवून दहा मिनिटे वाट पाहिली, तरी आकडा साडेचार व्होल्टच्या पुढे सरकला नाही. मग बॅटरी उतरली असावी किंवा कपॅसिटर खराब निघाला असावा, असे ठरवून मुले दादरला गाडी बदलून थेट लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठायला निघतात. बहुतेक वेळा बॅटरीही ठीक असते आणि कपॅसिटरही. मोजणारे यंत्रच परिपथाचा भाग झाले आहे, हे लक्षात आलेले नसते.

चार्ज-डिस्चार्ज किती वेगाने होतो हे सांगणारा कालस्थिरांक म्हणजे रोध आणि धारिता (कपॅसिटरची भार साठवण्याची क्षमता) यांचा गुणाकार, हे सर्वांना पाठ असते. त्या गुणाकारातील रोध म्हणजे आपण लावलेला रेझिस्टर, असे मात्र गृहीत धरू नये. कपॅसिटरच्या दोन टोकांकडून पाहिल्यावर जो एकूण रोध दिसतो, तोच येथे मोजला जातो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरचा व्होल्टेज मोजतानाचा अंतर्गत रोध अनेकदा १ मेगाओहमच असतो. तो कपॅसिटरला समांतर जोडला, की बॅटरीचे व्होल्टेज दोन समान रोधांत विभागले जाते आणि कपॅसिटर ४.५ व्होल्टवरच थांबतो. शिवाय परिणामी रोध निम्मा झाल्यामुळे कालस्थिरांक १०० सेकंदांऐवजी ५० सेकंद येतो. १० मेगाओहमचा चांगला मीटर लावला, तरी अंतिम वाचन ९ नव्हे, तर सुमारे ८.२ व्होल्ट येते. म्हणून अशा प्रयोगासाठी मेगाओहमचा मोह टाळून ४७ किलोओहम आणि १००० मायक्रोफॅरड अशी जोडी घ्यावी. कालस्थिरांक ४७ सेकंद, म्हणजे घड्याळावर सहज मोजता येईल इतका राहतो आणि पिवळ्या मीटरमुळे येणारा फरकही पाच टक्क्यांच्या आत राहतो.

याच जातीची दुसरी चूक बोटांची आहे. मीटरच्या दोन्ही टोकांची धातूची अग्रे कपॅसिटरच्या पायांवर चिमटीत दाबून धरली, तर शरीराचा रोधही समांतर जोडला जातो, आणि ठाण्याच्या जुलैतील घामट हवेत ओलसर त्वचेचा रोध आणखी उतरतो. दोन क्रोकोडाइल क्लिपा वापरल्या, की हा प्रश्न मिटतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (मोठ्या धारितेचा, धन-ऋण टोके असलेला प्रकार) स्वतःही थोडी गळती करतो. १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून केवळ १ मायक्रोअँपिअर गळतीचा प्रवाह वाहिला, तरी त्यावर १ व्होल्ट खर्च होतो. वर्षानुवर्षे खणात पडून राहिलेल्या कपॅसिटरची गळती सुरुवातीला अधिक असते. त्याला मर्यादित प्रवाहाने काही वेळ चार्ज केल्यावर ती बरीच कमी होते. कपॅसिटरवर छापलेला १००० मायक्रोफॅरड हा आकडाही शब्दशः घेऊ नये, कारण सामान्य इलेक्ट्रोलिटिकमध्ये वीस टक्के कमी-जास्त चालते. ४७ ऐवजी ५३ सेकंद आले, तर ती प्रयोगाची चूक नव्हे, आणि वहीत ४७ लिहून मोकळे होण्याची तर मुळीच गरज नाही.

वाचनातील गोंधळ त्या मानाने लवकर सुटतात. एका कालस्थिरांकात कपॅसिटर सुमारे ६३ टक्के चार्ज होतो. डिस्चार्ज होताना तेवढ्याच वेळात ३७ टक्के शिल्लक उरतो. ९ व्होल्टसाठी हे आकडे ५.७ आणि ३.३ व्होल्ट असे आहेत. मुले दोन्हीकडे ६३ टक्केच शोधतात. व्होल्टेज निम्मे होण्याचा काळ वेगळा, कालस्थिरांकाच्या ०.६९३ पट. पूर्ण चार्जसाठी पाच कालस्थिरांक थांबावे, तेव्हा ९९.३ टक्क्यांपर्यंत मजल जाते. चकतीच्या आकाराच्या कपॅसिटरवरील १०४ म्हणजे १०४ मायक्रोफॅरड नव्हे, तर ०.१ मायक्रोफॅरड. १० किलोओहमसोबत त्याचा कालस्थिरांक एक मिलिसेकंद येतो आणि मीटरवर चार्जिंग दिसतच नाही.

डिस्चार्ज करताना बॅटरी काढून घेणे पुरेसे नसते, विद्युतभाराला वाट द्यावी लागते. आणि बॅटरी जोडलेली असतानाच रेझिस्टर कपॅसिटरवर आडवा लावला, तर डिस्चार्ज नव्हे, व्होल्टेजची विभागणी होते. जिन्यातील दिव्यासाठी वापरतात तो टू-वे स्विच येथे उत्तम काम देतो: मधले टोक कपॅसिटरकडे, एक बाजू रेझिस्टरमार्गे बॅटरीकडे, दुसरी बाजू डिस्चार्जच्या रेझिस्टरकडे. त्या जागी एलईडी लावून आलेख काढू नये. लाल एलईडी साधारण पावणेदोन व्होल्टच्या खाली जवळजवळ प्रवाहच नेत नाही, त्यामुळे आलेख सूत्राप्रमाणे उतरत नाही आणि कपॅसिटरमध्ये भार उरतो. पुढील फेरीपूर्वी टोके काही वेळ जोडून ठेवावीत, कारण लगेच सोडल्यास थोडे व्होल्टेज आपोआप परत चढते आणि सुरुवात शून्यापासून होत नाही.

डिस्चार्जचे वाचन तपासायचे असेल, तर व्होल्टेजचा लॉगॅरिदम काळासमोर मांडावा. मीटरमुळे आणखी एक रोध समांतर जोडला गेला असेल, तरी रेषा सरळच येते, फक्त उतार तीव्र होतो. तेव्हा रेषा सरळ आली म्हणून रोधाचा हिशेब बरोबर आहे, असे मानू नये. रेषा शेवटाकडे वाकली, तर मीटरचे शून्य तपासावे.